गागोद्याचा विन्या



दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा एखाद्या थोर पुरुषाचं चरित्र लिहा, असं मंदिराच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात संतमंडळींचीच नावं आली. पण ती चरित्रं या अंकात आधीच येऊन गेलेली. मग म्हटलं, आपल्याच पेण तालुक्यातला माणूस घ्यावा. जित्याला राहून गागोद्याचा माणूस लिहिला नाही तर कोण लिहिणार?

विनोबा भावे. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पिढीला दाढी, हिरवी टोपी, भूदान आणि शाळेच्या पुस्तकातला एक धडा एवढं आठवतं. मलाही तेवढंच आठवत होतं. बँकेत कारकुनी करताना जिते स्टेशनावर गाडीची वाट बघत मी बरीच वर्षं काढली, पण गागोद्याला काही गेलो नाही. जवळचं तीर्थ राहूनच जातं तसं.

विनोबांकडे मी वळलो तो निवृत्तीनंतर, आणि तेही अडल्यावर. सांगायला थोडा संकोच वाटतो. हातात वेळ आला आणि आपण एवढी वर्षं नेमकं काय केलं, हा प्रश्न सकाळी सकाळी उठून बसायला लागला. मी कॉमर्सचा माणूस. प्रश्न आला की वही उघडायची सवय. तत्त्वज्ञानाची पुस्तकं आणायला लागलो. ज्ञानेश्वरी, दासबोध, गीतारहस्य, उपनिषदांची भाषांतरं, झालंच तर परदेशी तत्त्ववेत्त्यांवरची मराठी पुस्तकं. जमाखर्चाच्या वहीत डाव्या बाजूला ग्रंथात काय म्हटलंय ते आणि उजव्या बाजूला त्यातून मला काय मिळालं ते लिहायचं, असा नेम केला. तीन वर्षांत डावी बाजू चार वह्या भरून गेली. उजवी बहुतेक कोरीच. असा ताळा न लागणारा हिशेब घेऊन मी विनोबांपर्यंत पोहोचलो. त्यांच्याइतकं वाचलेला माणूस आपल्याकडे विरळा. त्यांचा हिशेब कसा लागला हे मला बघायचं होतं.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे बुद्रुक इथे झाला. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला, त्यामुळे लहानपण आजोबा शंभुरावांच्या देखरेखीत आणि आई रखुमाईच्या पदराशी गेलं. आजोबा कडक व्रतस्थ. चांद्रायण करायचे, म्हणजे चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवायचा आणि मग एकेक कमी करायचा. आई धार्मिक, शिक्षण फारसं नाही, पण भजनं पुष्कळ पाठ. मुलाला ती विन्या म्हणायची.

गागोद्यातली एक दिवाळी विनोबांनी पुढे सांगून ठेवली आहे. वडील बडोद्याहून यायचे होते आणि बाबा खाऊ आणतील असं आईने पोराला सांगितलं होतं. बाबा आले, हातात पुडकं ठेवलं. पुडकं चपटं. लाडू-पेढे असे चपटे नसतात हे पोराच्या लक्षात आलं, तरी बर्फी असेल म्हणून उघडलं तर आत दोन पुस्तकं, मुलांसाठी लिहिलेलं रामायण आणि महाभारत. तो ती घेऊन आईकडे गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि याहून चांगला खाऊ असूच शकत नाही असं तिने त्याला समजावलं. आजच्या आईने बापाला चार शब्द सुनावले असते. असो.

नऊ-दहा वर्षांचा असताना विन्या बडोद्याला गेला. तिथे दोन नाद लागले, पायी भटकण्याचा आणि वाचण्याचा. दोन्ही अतोनात. रात्री मिणमिणत्या दिव्यात वाचून वाचून डोळे बिघडले, आणि बऱ्याच उशिरा चष्मा लागला तेव्हा जग इतकं स्पष्ट दिसतं याचं त्यालाच नवल वाटलं. गणितात हुशार. शाळेत फ्रेंच घ्यावं अशी वडिलांची इच्छा, तर ब्राह्मणाच्या मुलाला संस्कृत यायला नको का असा आईचा प्रश्न. वर्गात फ्रेंच घेतलं आणि संस्कृत पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले.

याच घरातली तांदळाची गोष्ट आम्हा नोटा मोजणाऱ्यांनी तरी विसरू नये अशी आहे. आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज बसायची आणि एकेक दाणा मोजून वाहायची. नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवलं की एक तोळा तांदूळ घेऊन त्यातले दाणे मोजावेत आणि त्या हिशेबाने लाखाचं वजन काढावं, वर अर्धा तोळा जास्त टाकला की कमी पडायची भीती नाही. हिशेब बिनचूक होता. मी असतो तर तेच केलं असतं. नोटांची बंडलं मोजण्याचं यंत्र आलं तेव्हा सर्वांत आधी आनंद मलाच झाला होता. आईला काही उत्तर सुचेना, तिने संध्याकाळी विन्याला विचारलं. त्याने सांगितलं की हे गणित नव्हेच. एकेक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून ते एकेक करूनच वाहायचे असतात. कच्चं वय, गणिताचं वेड, आणि तरी गणित कुठे थांबतं हे त्याला कळलं होतं.

कॉलेजात गेल्यावर मन उडालं. घरातून निघायचं हे ठरलं होतं, फक्त दिशा दोन होत्या. एक हिमालय, म्हणजे ब्रह्माचा शोध. दुसरी बंगाल, म्हणजे क्रांतिकारक. एक दिवस आई चुलीपाशी स्वयंपाक करत असताना त्याने शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं आणून एकेक करून चुलीत घातली. आई म्हणाली, असू देत की, पुढे कधी लागतील. त्यावर, मला नोकरी करायची नाही, मग लागणार कशाला, असं त्याचं म्हणणं. सर्टिफिकेटच्या नकला साक्षांकित करून घेण्यात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांना ही गोष्ट पचायला जड आहे. मलाही आहे.

२५ मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी तो बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरला. सोबत दोन मित्र. वडिलांना पत्र टाकलं की परीक्षेला न जाता दुसरीकडे जातो आहे, पण हातून वाईट काही घडणार नाही एवढा भरवसा ठेवावा. भुसावळमार्गे तिघे काशीला निघाले. एक मित्र मधून परतला. राहिले दोघे, विनायक आणि बेडेकर.

काशीत संस्कृत आणि शास्त्रं शिकायची होती. दुपारी अन्नछत्रात जेवायचं, तिथे दोन पैसे दक्षिणा मिळायची, त्यात रात्रीचं भागवायचं. एका पंडिताकडे गेला तर त्यांनी सांगितलं, बारा वर्षं लागतील. याच्याकडे दोन महिने होते. ग्रंथालयात तासन्‌तास बसायचा. संध्याकाळी गंगेच्या घाटावर द्वैत आणि अद्वैत मानणाऱ्या पंडितांचे वाद रंगायचे, तेही ऐकायचा. एकदा असा वाद संपून अद्वैती जिंकल्याचं जाहीर झालं. हा पोरगा उठला आणि म्हणाला की आज खरं तर अद्वैतच हरलं. जो खरा अद्वैती, तो वाद घालील कुणाशी? वाद घातला म्हणजे समोर दुसरा आहे हे मानलंच की.

आणि त्याच काशीत बेडेकर आजारी पडून गेला. घरच्यांना कळवायची सोय नाही, जवळ पैसा नाही. विनायकने एकट्याने गंगेकाठी मित्राला अग्नी दिला. वय वीस. चरित्रकार या प्रसंगावरून दोन ओळींत पुढे जातात. मी मात्र इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं. तत्त्वज्ञान वाचायला म्हणून घर सोडलं आणि दोन महिन्यांत सोबतीचं प्रेत खांद्यावर आलं. उपनिषदं त्या रात्री त्याच्या उपयोगी पडली की नाही, हे त्याने कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

वाट सापडली ती मात्र पोथीत नव्हे, वर्तमानपत्रात. त्याच वर्षी फेब्रुवारीत काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचं भाषण झालं होतं. राजेरजवाड्यांना त्यांच्या दागिन्यांवरून तोंडावर सुनावलेलं. त्याची चर्चा गावात अजून होती. विनायकने ते वाचलं आणि गांधीजींना शंका विचारणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं, पुन्हा शंका लिहिल्या. तेव्हा गांधीजींनी कळवलं की हे असं पत्रांतून सुटायचं नाही, समक्ष या. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो पोहोचला तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी यालाही एक सुरी दिली. हाताने भाजी चिरण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग. ब्रह्मजिज्ञासेचा पहिला पाठ भाजीचा झाला. पुढे विनोबांनीच म्हणून ठेवलं आहे की हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही त्यांना एकाच ठिकाणी मिळाली.

इथे आपल्याला वाटेल की झालं, पुस्तकं सुटली, काम लागलं. तसं झालं नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढचं. आश्रमात पाणी भरणं, दळण, सफाई ही कामं करून थोड्याच दिवसांत त्यांनी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. कशासाठी, तर वाईला जाऊन वेदान्त शिकण्यासाठी आणि प्रकृती सुधारण्यासाठी. रजेवर माणसं लग्नाला जातात, घर बांधायला जातात. हे ब्रह्मसूत्रासाठी गेले.

वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी बसून उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं आणि पातंजल योगदर्शन असा अभ्यास झाला. पण तो करताना हात रिकामे नव्हते. वाईत विद्यार्थी मंडळ काढलं. त्याच्या वाचनालयाला पैसे हवेत म्हणून मुलांनी लोकांची दळणं दळून द्यायची असं ठरवलं आणि स्वतःही जात्यावर बसले. गीता शिकवली, मोबदला घेतला नाही. गडकिल्ले बघत, गीतेवर प्रवचनं करत सुमारे चारशे मैल पायी फिरले. फेब्रुवारी १९१८ मध्ये या सगळ्याचा तपशील पत्राने गांधीजींना कळवला. शिकलो काय, शिकवलं काय, खाल्लं काय, व्रतं कोणती पाळली, सगळं. इतका चोख अहवाल मी नोकरीत क्वचित पाहिला. तो वाचून गांधीजींनी गोरखाने मच्छिंद्राला जिंकल्याचा दाखला दिला. नवनाथ वाचणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचं मोल सांगायला नको. आणि वर्ष भरलं त्या दिवशी स्वारी आश्रमात हजर. गांधीजी रजेची तारीख विसरून गेले होते.

त्याच १९१८ साली, २४ ऑक्टोबरला, आई गेली. इन्फ्लुएंझाच्या साथीत घराघरांतून माणसं जात होती, ते दिवस. क्रियाकर्म भटजींकडून न करवता आपण स्वतः करावं असं विनोबांचं म्हणणं होतं. घरच्यांना ते मान्य झालं नाही. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत. घरी बसून राहिले आणि त्या दिवसापासून वेदाच्या अध्ययनाला लागले. हे योग्य केलं का? आईला शेवटचं पोचवायला जायला हवं होतं असं मला वाटतं, आणि इथल्या पुष्कळांना वाटेल. पण ज्या माणसाने आईच्या जागी वेद घेतला, त्याने तो पुढची पन्नास वर्षं सोडला नाही, हेही खरं.

आईचं एक मागणं मात्र राहून गेलं होतं. बडोद्याला ती गीतेचं प्रवचन ऐकायला जायची. घरी येऊन म्हणाली, संस्कृत मला कळत नाही, मराठीत गीता आणून दे. विन्याने गद्य भाषांतर आणून दिलं, तर तिला पद्य हवं होतं. मग वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही तिला अवघड गेली. दुसरं सोपं काही नाही असं त्याने सांगितलं, तेव्हा मग तूच का लिहीत नाहीस, असं ती सहज बोलून गेली.

ते लिहायला ७ ऑक्टोबर १९३० उजाडला. आईला जाऊन बारा वर्षं होत आली होती. पहाटेच्या प्रार्थनेनंतर सुरुवात केली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीताई पुरी झाली. सातशे श्लोक, चार महिने. वेदान्त, भाष्यं, व्याकरण असं जे जे वाचलं होतं ते सगळं त्यात आहे, पण दिसत नाही. अक्षरओळख असलेल्या बाईला कळेल असा शब्द सापडेपर्यंत त्यांनी ओळी घासल्या. छापली गेली १९३२ साली, तेव्हा ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार त्यांनी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ते लिहून घेतलं म्हणून आज गीता प्रवचने हे पुस्तक आपल्या हाती आहे. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी जरूर घ्यावं.

हे वाचलं आणि माझी उजवी बाजू कोरी का, ते मला कळलं. माझी आई शेवटची काही वर्षं डोळ्यांनी अधू होती. संध्याकाळी मी बँकेतून आलो की म्हणायची, चार ओव्या वाचून दाखव रे. मी म्हणायचो, रविवारी. रविवारी बाजार असायचा, पाहुणे असायचे, मला स्वतःला वाचायचं असायचं. ती गेली तेव्हा घरात गुरुचरित्राची पोथी लाल फडक्यात होती आणि मी तत्त्वज्ञान वाचायला अजून सुरुवातही केली नव्हती. नंतर चार वह्या भरल्या, पण सगळं वाचन माझं माझ्यासाठीच होतं.

विनोबांचं पुढचं आयुष्य बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९२१ पासून वर्धा. पुढे नालवाडीत सूत कातून मिळेल त्या मजुरीतच जगून बघण्याचा प्रयोग. प्रकृती ढासळल्यावर १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनार. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडलं, तेव्हा हे विनोबा कोण असं देशाने विचारलं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून शंभर एकर देऊ केली. तिथून तेरा वर्षांहून जास्त काळ पायी हिंडणं. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यातली पुष्कळ खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही सांगायला हवं. आणीबाणीच्या वेळच्या त्यांच्या भूमिकेवरून लोक अजून चिडतात, त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

पण या सगळ्या पायपिटीत वाचन चालूच होतं. कुराण मुळातून कळावं म्हणून अरबी शिकले. धम्मपद, जपुजी, ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, सगळ्यांतून वेचे काढून दिले. भागवताच्या एकादश स्कंधातून निवडक श्लोक घेऊन भागवत धर्म सार तयार केलं. एकादश स्कंध म्हणजे आपल्या जवळचा विषय. यदुराजाला भेटलेल्या अवधूताचे चोवीस गुरू तिथेच आहेत, आणि तो अवधूत म्हणजे दत्तात्रेयच अशी आपली श्रद्धा. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, त्यांचे गुरू जनार्दनस्वामी तर दत्तभक्तच. त्या चोवीसांत मधमाशीकडून अवधूत दोन गोष्टी शिकतो. लहानमोठ्या सगळ्या फुलांतून मध घ्यावा तसं शास्त्रांतून सार घ्यावं, ही एक. आणि साठवून ठेवू नये, नाहीतर साठ्यासकट आपणही जातो, ही दुसरी. मी पहिली पक्की केली होती. दुसरी वाचून पुढे गेलो होतो.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. डॉक्टरांनी, पुढाऱ्यांनी विनवलं, उपयोग झाला नाही. १५ नोव्हेंबरला सकाळी ते गेले. दिवाळीचा दिवस होता.

गेल्या मार्गशीर्षात मी शेवटी गागोद्याला जाऊन आलो. पेणहून आत डोंगराकडे. त्या घरात थोडा वेळ बसलो, परत आलो. आता गुरुवारी दुपारी मंदिरात चार-पाच आजी येतात, त्यांना गीताईचा अर्धा अध्याय वाचून दाखवतो. एक ऐकता ऐकता झोपते. दुसरीला प्रत्येक श्लोकाला शंका असते, मागच्या आठवड्यात तिने निर्ममचा अर्थ विचारला. मी मोठ्या थाटात सांगायला लागलो तर ती मध्येच म्हणाली की सोपं करून सांग, मास्तर. बँकेतल्या माणसाला ती मास्तर का म्हणते, कोण जाणे. सोपं करून सांगता आलं नाही, येत्या गुरुवारी सांगतो म्हटलं आहे.